वर्धा : नकाशातली रेघ, पाण्यातली गाडी

मारेगाव तालुक्याची एक बाजू वर्धा नदीने आखून दिलेली आहे. अलीकडच्या थडीला कोसारा, पलीकडच्या थडीला सोईट. कोसारा यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे अमरावती विभागात. सोईट चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात, म्हणजे नागपूर विभागात. दोन्ही काठांवर कपाशी, तूर आणि सोयाबीन एकाच काळ्या जमिनीत उभे असते, बोली जवळपास एक, सोयरिकी या थडीहून त्या थडीला होत आलेल्या. लोकसभेच्या मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा वणी विधानसभा क्षेत्र, आणि त्यासोबत मारेगाव, चंद्रपूर लोकसभेला जोडले गेले. त्यामुळे इथल्या माणसाचा विभागीय आयुक्त अमरावतीला बसतो आणि खासदार निवडून येतो तो नदीपलीकडच्या मतदारांसह. नदी ही सीमा आहे की नाही, याचे उत्तर सरकारलाही एका बाजूने देता आलेले नाही. एवढा जुना आणि एवढा गुंतलेला इतिहास असलेल्या या नदीचे चित्र मात्र कुठे सापडत नाही. घराघरांतल्या भिंतींवर, पुस्तकांत, संग्रहालयांत गंगेचे घाट आहेत, गोदावरीचे आहेत, कृष्णेचे आहेत. वर्धेचे असे कोणते चित्र मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पटकन येते? माझे म्हणणे असे की चित्र नसण्याचे कारण नदीत शोधू नये. तिच्याकडे कुठून पाहिले गेले, त्यात ते दडले आहे. वर्धेकडे जवळजवळ नेहमी राजधानीतून पाहिले गेले, आणि राजधानीतून पाहणाऱ्याला नदी रेघ होऊन दिसते.

नदीची तोंडओळख थोडक्यात. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरातल्या सातपुड्यात वर्धा उगम पावते. तापीही मुलताईचीच, पण तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते आणि वर्धा आग्नेयेला वळून शेवटी बंगालच्या उपसागराचे पाणी होते. सुमारे ५२८ किलोमीटरच्या वाटेत अमरावती, वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर हे जिल्हे तिच्या काठाने लागतात. बेंबळा, वेणा, निर्गुडा, इरई अशा नद्या तिला मिळतात. घुग्घुसजवळ वढा येथे पैनगंगा येऊन मिळते. पुढे वैनगंगेशी संगम झाल्यावर दोघींचे नाव प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. जिल्ह्याला आणि शहराला जिने नाव दिले त्या वर्धा शहरातून ही नदी वाहत नाही, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. नाव घेतले आणि नदीला दूरच ठेवले, असा हा प्रकार तिच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आलेला आहे.

त्याची सुरुवात थेट कालिदासापासून होते. ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात शुंग राजपुत्र अग्निमित्र विदिशेहून राज्य करतो. विदर्भात यज्ञसेन आणि माधवसेन या चुलतभावांचे भांडण आहे. मालविका ही माधवसेनाची बहीण. युद्ध संपते आणि पाचव्या अंकात अग्निमित्र निकाल देतो की दोघांनी वरदेच्या उत्तर आणि दक्षिण काठांवर वेगवेगळे राज्य करावे, सूर्य आणि चंद्र दिवस-रात्र वाटून घेतात तसे. वरदा म्हणजे आपली वर्धा. कर्नाटकातही एक वरदा आहे, पण नाटकातला प्रश्न विदर्भाच्या वाटणीचा असल्याने इथे शंकेला जागा राहत नाही. विदर्भात पाऊल न टाकलेला राजा विदिशेच्या महालात बसून नदीच्या आधाराने देशाचे दोन तुकडे करतो. पाणी कसे आहे, काठ कसा आहे, त्यावर कोण राहते, याबद्दल एक अक्षर नाही. आता हाच कवी ‘मेघदूता’त काय करतो ते पाहावे. रेवा, वेत्रवती, निर्विंध्या, शिप्रा, गंभीरा, एकेक नदी त्याने रूप, रंग, आवाज, स्वभाव देऊन उभी केली आहे. वा. वि. मिराशींनी मेघदूतातली रामगिरी म्हणजे आपले रामटेक असे साधार मांडले. ते धरले तर मेघ विदर्भातूनच निघतो. पण त्याला उत्तरेला जायचे आहे, त्यामुळे वरदा त्याच्या पाठीशी राहून जाते.

कोणी म्हणेल, नाटकात संवाद असतात, तिथे नदीचे वर्णन कशाला येईल? आक्षेप रास्त आहे. पण ‘रघुवंशा’त तर तीही अडचण नव्हती. अयोध्येचा अज विदर्भाच्या इंदुमतीच्या स्वयंवराला येतो. वाटेत नर्मदेकाठी मुक्काम पडतो आणि पाण्यातून रानहत्ती वर येण्याचा प्रसंग कालिदास मन लावून रंगवतो. अज विदर्भराजाच्या नगरीत पोचतो तेव्हा स्वागत आहे, राजवाडा आहे, त्याला पाहायला खिडक्यांत धावणाऱ्या स्त्रिया आहेत. वरदा नाही.

पुढच्या काळातल्या विदर्भकन्यांच्या कथांतही हेच दिसते. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धेच्या अगदी काठावर कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर कुंडिनपूर ते हेच, ही परंपरेची श्रद्धा. तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते आणि ती चारशे वर्षांहून जुनी असल्याचे सांगतात. १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी तिथे उत्खनन करून वस्तीचे प्राचीनत्व दाखवून दिले. रुक्मिणीच्या कथेवर मराठीने किती लिहिले! महानुभाव कवी नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ तेराव्या शतकाच्या अखेरचे, एकनाथांचे सोळाव्या शतकातले. आणि एकनाथांनी ते पूर्ण केले काशीत, गंगेकाठी. हिमाचलातल्या पहाडी चित्रकारांनी रुक्मिणीहरणाची चित्रे हौसेने काढली, पण त्यांतले डोंगर, झाडे आणि महाल पहाडी मुलखातले. दमयंतीही विदर्भाचीच. राजा रविवर्म्याने १८९९ मध्ये रंगवलेली हंस-दमयंती पुढे छापील चित्रांतून दिवाणखान्यांच्या भिंतींवर पोचली. त्या चित्रात हंस आहे, विचारात पडलेली देखणी दमयंती आहे आणि विदर्भाची ओळख पटावी अशी एकही खूण नाही. यात रविवर्म्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याला नायिका हवी होती, नायिकेचा गाव नको होता. मोर्शीजवळ वर्धेवर मोठे धरण झाले तेव्हा जलाशयाला ‘नल-दमयंती सागर’ हे नाव दिले गेले. नदीच्या कथेतली माणसे नदीकडे परत आली ती अशी, पाटबंधारे खात्याच्या मार्फत.

काव्यातली रेघ इतिहासात खरोखरीची झाली १८०३ मध्ये. त्याआधी वऱ्हाडात दुअमली होती: निजामाचाही अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचाही, रयतेने दोघांचे देणे भरायचे. आडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली, गाविलगड १५ डिसेंबरला पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. १८२२ च्या तहाने उरलीसुरली गुंतागुंत निस्तरून वर्धा हीच वऱ्हाडची पूर्वसीमा ठरवली. अग्निमित्राचा निकाल जणू नव्याने लागू झाला. फरक एवढाच की या वेळी वाटणी करणारे इंग्रज होते. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि लगोलग नागपूरचे राज्यही खालसा झाले. आता दोन्ही काठांवर इंग्रजच होते, तरी सीमा हलली नाही. पलीकडे मध्य प्रांत, अलीकडे हैदराबादचे ‘सोपवलेले जिल्हे’, असा वेगळा संसार १९०३ पर्यंत चालला. यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणीचे, इंग्रजी दप्तरात ‘वून’ असे, नाव होते. १९०५ मध्ये ते बदलले. नंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाड एकत्र नांदले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तरीही विभागांची वाटणी आजमितीला त्याच रेघेवर उभी आहे. १८०३ मध्ये ज्यांनी ती ओढली, त्यांना नंतर कुणी विचारायलाही गेले नाही.

नागपूरला ही नदी म्हणजे आपला पश्चिमेचा शेवट वाटत होती आणि हैदराबादला आपला अगदी ईशान्येचा कोपरा. दोन्ही दरबारांपासून ती दूर होती, दोघांच्याही दृष्टीने टोकाला होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानची निसर्गचित्रे काढत फिरलेले विल्यम हॉजेस किंवा थॉमस आणि विल्यम डॅनियल यांच्या वाटा गंगेच्या, हिमालयाच्या, दक्षिणेच्या. वर्धेकाठचे वऱ्हाड त्यांत नव्हते. इथे आले ते जमाबंदीचे अधिकारी, गॅझेटियरचे लेखक आणि भूगर्भशास्त्रज्ञ. टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८७७ मध्ये छापला. वर्धेवर कुणी इतक्या बारकाईने, गावोगाव फिरून लिहिल्याचे हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक म्हणावे लागेल, आणि त्याचे लक्ष पाण्याखालच्या आणि मातीखालच्या थरांवर होते. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण त्याच दशकात चालू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. पण कोळसा संपला नव्हता. आज वणी परिसरात उकणी, नीलजई, मुंगोली अशा खुल्या खाणींची रांग आहे. रेघ म्हणून पाहून झाल्यावर नदीला दुसरे रूप मिळाले ते साठ्याचे.

मग काठावरच्या माणसांनी या नदीला कसे पाहिले? याचा पुरावा कागदावर कमी आहे. थोडाफार आहे तो मौखिक परंपरेत. नागपूरला आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या लिंगोची कथा परधान गायकांकडून टिपून घेतली होती. ती रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या गाथेत एक प्रसंग असा आहे की लिंगो आणि त्याच्यासोबतचे गोंड एका फुगलेल्या नदीपाशी अडतात. मगर त्यांना पाठीवर घ्यायला तयार होते आणि मध्यावर गेल्यावर बुडवू पाहते; कासव त्यांना वाचवून पार नेते. नदीला गाथेत वर्धा म्हटलेले नाही, तसा दावाही मी करत नाही. पण या मुलखातल्या माणसाच्या कल्पनेत नदी कशी आली, हे त्यातून स्पष्ट कळते: ती ओलांडायची गोष्ट म्हणून आली, जिवावरची जोखीम आणि कुणावर भरवसा ठेवायचा याची परीक्षा म्हणून. हिस्लॉप स्वतः १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले. तो मुलूख वेणेच्या खोऱ्यातला, आणि वेणा वर्धेलाच मिळते.

ओलांडणे हाच इथल्या जगण्याचा नदीशी खरा संबंध राहिला आहे. पावसाळ्यात डोंगा, उन्हाळ्यात उतार. उतारातून बैलगाडी नेताना चाके रेतीत रुतू नयेत म्हणून कुठून वळायचे हे गाडीवानाला माहीत असते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या पात्रात ढिवर आणि भोई समाजाची माणसे डांगरवाड्या लावतात, रेतीत आळी खोदून टरबूज आणि डांगर काढतात आणि पहिल्या पुराच्या आत सगळे आवरून घेतात. पूल झाले तरी ही जोखीम गेलेली नाही. वणी–वरोरा रस्त्यावरचा पाटाळ्याचा पूल पुरात बुडाला की दोन तालुक्यांची वाट तुटते. जुलै २०२२ च्या पुरात वणी आणि मारेगाव तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांनी हे पुरेपूर भोगले. राजधानीला नदी अडवणारी वाटली. काठाला ती पार करायची होती. एकाच पाण्याकडे पाहण्याच्या या दोन रीती, आणि चित्र निघते ते दुसऱ्या रीतीतून, हे दाखवायला युरोपातली एक लहानशी नदी पुरेशी आहे.

तिचे नाव स्टूर. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक आणि एसेक्स या दोन परगण्यांमधून ती वाहते आणि बराच पल्ला त्यांची सीमाच असते. थेम्सची राजनगरी तिच्या वाट्याला नव्हती, ऱ्हाईनचे कडे नव्हते. अठराव्या शतकाच्या आरंभी कायदा करून ती नौकानयनाला योग्य केली गेली आणि धान्य, पीठ, कोळसा वाहणारे पडाव तिच्यावरून जाऊ लागले. अशाच पडावांचा आणि फ्लॅटफर्डच्या पाणचक्कीचा मालक होता गोल्डिंग कॉन्स्टेबल. त्याचा मुलगा जॉन १७७६ मध्ये जन्मला आणि चित्रकार झाला. त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘द हे वेन’ १८२१ चे. सुमारे सहा फूट रुंदीच्या त्या चित्रात गवताची रिकामी गाडी नदीच्या पाण्यात मध्येच उभी आहे. घोड्यांच्या गळपट्ट्यांवर लाल रंग आहे, अलीकडच्या काठावर एक कुत्रे गाडीकडे बघते आहे, डावीकडे शेतकऱ्याचे घर आहे आणि दूर उजवीकडे कुरणात गवत कापणारी माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. डावा काठ सफोकमधला आणि उजवीकडचा प्रदेश एसेक्समधला. म्हणजे गाडी सीमेवर उभी आहे, आणि चित्र पाहताना सीमेचा विचार कुणाच्या मनातही येत नाही. लंडनच्या प्रदर्शनात ते विकले गेले नाही. १८२४ मध्ये पॅरिसला त्याला सुवर्णपदक मिळाले, आणि चित्रकाराच्या हयातीतच त्या परिसराला ‘कॉन्स्टेबलचा मुलूख’ म्हणू लागले.

यावर पहिला आक्षेप असा की सीमा असण्याने चित्रे अडत असती, तर ऱ्हाईनचे काय? फ्रान्स आणि जर्मन राज्ये तिच्यावरून भांडत आली. १८४० मध्ये तर वाद असा पेटला की निकोलाउस बेकरने तिच्यावर गीत लिहिले आणि पलीकडून आल्फ्रेड द म्यूसेने त्याला कवितेतच उत्तर दिले. तरी तिची चित्रे कमी नाहीत. टर्नरने १८१७ च्या एका फेरीतून पन्नासेक जलरंगचित्रे काढली आणि ती सगळी एकाच धनिक मित्राने विकत घेतली. आक्षेप खरा आहे आणि माझे म्हणणे त्याने थोडे सुधारून घ्यावे लागते. सीमा असणे एवढ्याने नदी चित्राबाहेर जात नाही. ऱ्हाईन दोघांनाही ‘आमची’ वाटत होती, म्हणून भांडण होते आणि म्हणून गीतेही होती. तिच्यावर आगबोटी धावू लागल्या, प्रवासी येऊ लागले, त्यांना घरी न्यायला चित्रे हवी होती. वर्धेवर कुणी असे हक्काने भांडलेच नाही. नागपूरकरांनी ती आपली म्हणून गीत रचले नाही, हैदराबादेत तिच्या नावाने कुणाचे रक्त तापले नाही. वर्धा दोघांनाही आपली नदी न वाटता आपला शेवट वाटली, यात तिचे खरे नुकसान झाले.

दुसरा आक्षेप लोक बोलून दाखवतात: वर्धा दिसायला काही खास नाही. उन्हाळ्यात रेती आणि डोह, पावसाळ्यात गढूळ लोंढा, काठ मातीचे आणि उंच, आता त्यात खाणींच्या मातीचे डोंगर. चित्र कशाचे काढायचे? हा आक्षेप मला सर्वांत कच्चा वाटतो. जॉर्ज स्यूरा याने १८८४ मध्ये पॅरिसबाहेर आस्निएर इथे सेन नदीकाठी पोहायला आलेल्या कामगार मुलांचे भलेमोठे चित्र रंगवले. मागे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी आहेत, त्यांचा धूर आहे, पूल आहे. अधिकृत प्रदर्शनाने ते नाकारले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मोनेने आर्जंतई इथे त्याच सेनवरचा रेल्वेपूल पुन्हा पुन्हा काढला. टर्नरच्या १८४४ च्या चित्रात थेम्सवरच्या पुलावरून पावसातून इंजिन सुसाट येते. कोळशाच्या धुरात नद्या काळवंडल्या तेव्हाच त्यांची उत्तम चित्रे झाली. मग माजरीहून वणीला वर्धा ओलांडून येणारी कोळशाची मालगाडी चित्राला नालायक कशी? आणि चैत्रातल्या पांढऱ्या रेतीवर हिरव्या डांगरवाडीचे चौकोन, मध्ये निळसर काळा डोह, काठाच्या वर पेटलेला पळस, हे ज्याला रुक्ष वाटते त्याने रंग पाहिलेले नाहीत एवढेच म्हणता येईल.

खरी अडचण निराळी आणि जास्त व्यावहारिक आहे. चित्र काढायला उभे राहायला जागा लागते, वेळ लागतो आणि घेणारा लागतो. नाशिकला, वाईला, कोल्हापूरला पेशवे, सरदार आणि संस्थानिकांनी नदीकाठी दगडी घाट बांधले. तिथे स्नाने, बाजार, जत्रा भरल्या. चित्रकाराला बसायला पायरी मिळाली आणि चित्र घ्यायला शहर मिळाले. नाशिकचे शिवाजी तुपे आयुष्यभर गोदावरीचे घाट रंगवू शकले, त्यात त्यांची प्रतिभा तर आहेच, पण पायऱ्यांचा आणि शहराचाही वाटा आहे. वर्धेचा काठ पुराच्या धाकाने वस्तीला दूर ठेवणारा, आणि तिच्याकाठचा कापूस पिकवणारा माणूस कर्जाच्या ओझ्याखाली. नर्मदेसारखी परिक्रमाही तिला नाही, की वर्षानुवर्षे चालणाऱ्यांनी तिचे वळण न् वळण लिहून ठेवावे.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. ज्या जिल्ह्यात शेतकरी गळफास लावून घेतात, जिथे पुराने पिके जातात आणि रेतीच्या उपशाने डोह बसतात, तिथे चित्राची चैन कुणाला सुचते? याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. चित्रामुळे पूर थांबत नाही, खाण बंद होत नाही. पण एखाद्या जागेबद्दल निर्णय होतात ते तिच्याविषयी जी कागदपत्रे असतात त्यांच्या आधारे, आणि वर्धेची कागदपत्रे कोणती? तह, जमाबंदी, कोळशाचा नकाशा, रेतीघाटाच्या लिलावाची जाहिरात. या साऱ्यांत डोह नाही, उतार नाही, डांगरवाडी नाही, कोलामांच्या पोडावरून (वस्तीवरून) नदीला येणारी पायवाट नाही. जे नोंदले नाही त्याची नुकसानभरपाई मागता येत नाही, ते हरवले हेही सिद्ध करता येत नाही. स्टूरच्या खोऱ्याचे काय झाले ते पाहावे. डेडहॅमचे खोरे १९७० मध्ये संरक्षित निसर्गप्रदेश जाहीर झाले. फ्लॅटफर्डची पाणचक्की नॅशनल ट्रस्टकडे आहे. कॉन्स्टेबलच्या चित्रांमुळेच सगळे वाचले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल, इंग्लंडची संपत्ती आणि तिथले कायदे यांचाही त्यात हात आहे. पण काय वाचवायचे ते लोकांच्या डोळ्यांपुढे स्पष्ट होते, आणि ते चित्रांनी ठेवले होते.

कॉन्स्टेबल बाहेरून आलेला प्रवासी नव्हता, हे इथे पुन्हा लक्षात घ्यायला हवे. ज्याच्या घरची भाकरी त्या पाण्यावर भाजली जात होती त्याने ती नदी काढली. म्हणून वर्धेसाठी पुण्यामुंबईच्या नामवंत चित्रकाराची वाट पाहण्यात मला राम वाटत नाही. तोही एखाद्या हिवाळ्यात येईल, चार चित्रे काढील आणि जाईल. मारेगाव, वणी, वरोऱ्याच्या शाळांत चित्रकलेचे शिक्षक आहेत, आणि मुले दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात. या मुलांना नदी काढायला सांगा: दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली वळणे घेत आलेली निळी पट्टी आणि काठावर नारळाचे झाड. मारेगावात नदीकाठी नारळ कुठून आला, हे विचारायचे कुणाच्या मनात येत नाही, कारण चित्रातली नदी अशीच असते असे ती शिकलेली आहेत. काठापासून काही मैलांवर राहणाऱ्या मुलाने अख्खी शालेय चित्रकला वर्धेचा एक दगडही न काढता पार करावी, हे कालिदासाने वरदेकडे केलेल्या दुर्लक्षाहून वेगळे नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. नदीकाठच्या तालुक्यांतल्या शिक्षकांनी एकेका वर्गाला वर्षातून दोनदा, चैत्रात आणि पोळ्याच्या सुमारास पूर ओसरल्यावर, काठावर न्यावे. सोबत जाणती माणसे असावीत, मुलांना पाण्यापासून लांब बसवावे आणि त्यांना जे दिसते तेच काढू द्यावे: रेतीचे ट्रॅक्टर, पूल, डोंगा, खाणीचा ढिगारा, काहीही. चित्रांच्या मागे गावाचे नाव आणि तारीख लिहावी आणि ती रद्दीत न टाकता शाळेत जपून ठेवावीत. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी काठावरच्या म्हाताऱ्या डोंगेवाल्यांकडून आणि डांगरवाडी लावणाऱ्यांकडून जुने उतार कुठे होते ते विचारून नकाशावर मांडावेत. ते सांगू शकणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे, आणि कामाला हा उन्हाळाच धरलेला बरा.